दगडफूल, नाकेशर, शहाजिरं: वस्तू मिळत नाही की नाव जुळत नाही?

प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही बंगळुरात राहता. सासूबाईंच्या वहीवरून गोडा मसाला करायचाय आणि बांगड्याचं तिखलंही. किराणावाल्याला दगडफूल, नाकेशर, शहाजिरं, तिरफळ यांतलं एकही नाव कळेना. ऑनलाइन मागवलं, तर दगडफुलात निम्मी माती आली, शहाजिऱ्याच्या जागी कलौंजी आली आणि तिरफळाच्या जागी त्रिफळा चूर्णाची बाटली. वहीत मापं तोळ्यात आणि पावशेरात आहेत. शिवाय थोडा मसाला दुबईला बहिणीकडे पाठवायचाय. या वस्तू मिळवायच्या कशा, आणि नाहीच मिळाल्या तर पर्याय चालतील का?

आधी एक गोष्ट. या चारही वस्तू बंगळुरात मिळतात. दगडफूल तर तिथल्या स्वयंपाकातही वापरतात. अडतंय ते नावाशी आणि दुकानाशी. आमच्याकडे मसाल्याचा कच्चा माल घ्यायला येणाऱ्यांतही चुकीची वस्तू घरी गेलेली असते ती बहुतेक वेळा नावाच्या घोळामुळे. टंचाई हे कारण फार क्वचित असतं.

काही गोष्टी मात्र तुमच्यावर अवलंबून आहेत. वही कोणत्या भागातली आहे, मसाला वर्षाचा करायचाय की दोन महिन्यांचा, आणि घरात ‘आईच्या हातचीच चव’ हवी असा आग्रह कितपत आहे, यावर उत्तर बदलतं. देशावरचा काळा मसाला आणि पुण्याकडचा गोडा मसाला यांत वस्तू जवळपास त्याच असतात, पण भाजणं आणि तिखटाचं प्रमाण वेगळं असतं. पुढे मी गोडा मसाला धरून लिहितोय.

मापांचं आधी मिटवू. जुना तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम. सोनार हल्ली १० ग्रॅमचा तोळा धरतात, तो इथे धरू नका. शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे साधारण ९३३ ग्रॅम. त्यामुळे पावशेर २३३ ग्रॅम, अदपाव ११७ ग्रॅम आणि छटाक ५८ ग्रॅम. पावशेर म्हणजे पाव किलो धरून बाकीच्या वस्तू १० ग्रॅमच्या तोळ्याने घेतल्या, की धणे जास्त आणि मसाले कमी पडतात. मग मसाला फिका लागतो आणि दोष दगडफुलाला जातो. वहीत चिपटं, मापटं अशी मापं असतील तर ती वजनाची नव्हेत, भरून मोजायची आहेत. त्यांचं ग्रॅममध्ये रूपांतर करू नका. एकच भांडं घेऊन त्याच पटीत सगळं मोजा.

पडताळा म्हणून आमचं प्रमाण देतो. पाव किलो धण्यांना ५० ग्रॅम जिरं, १२५ ग्रॅम सुकं खोबरं, ६० ग्रॅम तीळ, २५ ग्रॅम खसखस, १० ते १२ ग्रॅम दगडफूल, १० ग्रॅम शहाजिरं, ५ ग्रॅम नाकेशर, ५ ग्रॅम लवंग, ८ ग्रॅम दालचिनी, ५ ग्रॅम मिरी, ५ ग्रॅम तमालपत्र, ३ मसाला वेलदोडे आणि १-२ बाद्यान (चक्रीफूल). हळद, हिंग आणि मीठ वेगळं. तुमच्या वहीतले आकडे यापासून थोडे इकडे-तिकडे असतील तर वहीच खरी माना. दुप्पट-तिप्पट फरक दिसला तर मात्र तो पुष्कळदा उतरवून घेताना झालेला असतो.

आता दगडफूल. सगळ्यांत जास्त याच्यावर लिहितो, कारण या यादीत ज्याला पर्याय नाही अशी ही एकच वस्तू आहे. नावात फूल आहे, पण ते फूल नाही. ते शैवाक आहे, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. डोंगराळ भागात झाडांच्या सालीवर आणि खडकांवर वाढतं. शास्त्रीय नाव पार्मोट्रेमा पेर्लाटम. कन्नडमध्ये ‘कल्लुहूवु’, तमिळमध्ये ‘कल्पासी’, तेलुगूत ‘राती पुव्वु’, हिंदीत ‘पत्थरफूल’ किंवा ‘छडीला’. बंगळुरात कल्लुहूवु म्हणा, लगेच पुडी समोर येईल. चेट्टीनाड स्वयंपाकात कल्पासी लागतेच, त्यामुळे तमिळ किराणा दुकानातही विचारा.

ओळख अशी: वरून राखाडी-हिरवट, खालून काळं, कडा कुरळ्या, कागदासारखं हलकं. दहा ग्रॅममध्ये दोन्ही हातांची ओंजळ भरायला हवी. जेमतेम मूठ भरली तर त्यात साल, खडे नाहीतर ओल आहे. शंका असेल तर एक तुकडा पाण्यात बुडवा. खरं दगडफूल मिनिटाभरात मऊ, चामड्यासारखं होतं आणि वरची बाजू हिरवी दिसू लागते. झाडाची साल तशीच तपकिरी राहते आणि वाकवली की तिचे धागे सुटतात.

एक चूक सगळेच करतात. कच्च्या दगडफुलाचा वास घेऊन ‘याला वासच नाही, जुनं आहे’ असं ठरवतात. कच्च्याला वास फारसा नसतोच. दुकानातून २५ ग्रॅमच आणा, तव्यावर तेलाच्या दोन थेंबांत एक तुकडा गरम करा. दहा-पंधरा सेकंदांत लाकडासारखा, किंचित धुरकट वास यायला हवा. कोंदट, बंद कपाटासारखा वास आला तर तो माल ओलीत राहिलेला आहे. तो भाजूनही सुधारत नाही.

तुम्हाला आलेला माल मात्र टाकू नका. मातीचं प्रमाण जास्त असलं तरी दगडफूल वाया जात नाही. मोठ्या भोकांच्या चाळणीत घेऊन हलक्या हाताने घोळवा, माती खाली पडेल. मग कागदावर पसरून सालीचे तुकडे आणि खडे वेचा. धुवायचा मोह टाळा. धुतलं तर दोन दिवस कडक ऊन लागतं, आणि अर्धवट सुकलेलं दगडफूल डब्यात बुरसतं. निवडून झाल्यावर पुन्हा वजन करा, कारण प्रमाण निवडलेल्या मालाचं असतं. चौथा हिस्सा जाणार असं धरूनच मागवत जा.

भाजताना चमचाभर तेल, मंद आच, आणि उलथनं सतत फिरतं. मिनिट-सव्वा मिनिटात ते आकसतं, कडा गडद होतात, आणि बोटांनी चुरलं तर चुरतं. तिथेच ताटात काढायचं. आणखी अर्धं मिनिट राहिलं तर कडू होतं, आणि तो कडूपणा सगळ्या मसाल्यात उतरतो. कमी भाजलं तर मिक्सरमध्ये दळलं जात नाही, केसांसारखे काळे तंतू राहतात. असे तंतू राहिले तर चाळून बाजूला काढा आणि खडे मिठाच्या दोन-तीन खड्यांबरोबर पुन्हा फिरवा. दगडफुलाची तयार पूड कधीच घेऊ नका. पुडीत काय दळलंय हे तुम्हाला कळणार नाही आणि कित्येकदा विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

नाकेशर, म्हणजे नागकेशर, हे या यादीतलं सगळ्यांत फसवं नाव. एकाच नावाने बाजारात तीन वस्तू मिळतात. पहिलं आयुर्वेदातलं नागकेशर, मेसुआ फेरिया या झाडाच्या फुलांमधले पिवळट-तपकिरी केसर. काष्ठौषधीच्या दुकानात हेच देतील. दुसरं तांबडं नागकेशर, म्हणजे सुरंगीच्या सुकलेल्या गोल कळ्या. तिसरं काळं नागकेशर, दालचिनीच्या कुळातल्या झाडांची कच्ची, सुकवलेली फळं. दिसायला लवंगेसारखी, खाली बारीक देठ, वर वाटीत बसवल्यासारखं गोल डोकं. गोड्या मसाल्यात साधारणपणे हे तिसरं पडतं. ओळखायला एक दाणा चावा. दालचिनीची चव आली पाहिजे.

आता बंगळुरातली खास गंमत. कळीसारखा मसाला हवा म्हणून वर्णन करून सांगितलंत तर दुकानदार ‘मराठी मोग्गु’ काढून देईल. नावात मराठी आहे, पण आपल्या मसाल्याशी त्याचा संबंध नाही. ती सावरीच्या जातीच्या झाडाची सुकलेली कळी. बिसी बेळे भाताच्या मसाल्यात ती लागते. वाईट नाही, पण आपल्याला हवी ती वस्तू नव्हे.

नाकेशर मिळालंच नाही तर त्यासाठी आठवडा घालवू नका. साडेपाचशे-पावणेसहाशे ग्रॅम मसाल्यात ते पाच ग्रॅम, म्हणजे शेकडा एकाच्या आत. दोन ग्रॅम दालचिनी वाढवा आणि पुढे चला. दोन्ही एकाच कुळातली असल्यामुळे हा पर्याय तर्काला धरून आहे. ‘नाकेशराशिवाय गोडा मसाला होतच नाही’ असं ठासून सांगणाऱ्यांना दोन वाट्यांत आमटी देऊन बघा.

शहाजिऱ्याची अडचण ‘काळं जिरं’ या शब्दामुळे होते. या नावाखाली चार वेगळ्या गोष्टी हातात पडू शकतात. शहाजिरं साध्या जिऱ्यापेक्षा बारीक, किंचित वाकडं, काळपट तपकिरी असतं आणि अंगावर रेघा असतात. कलौंजी कोळशासारखी काळी, त्रिकोणी, चमक नसलेली. कारळे किंवा खुरासणी लांबट, चकचकीत, हे आपल्या चटणीचे. आणि चौथं कडू जिरं. हे जंतांवरचं औषध, जहाल कडू. बाकीच्या चुका निभावतात, ही नाही. चमचाभर कडू जिरं गेलं तर अख्खा मसाला टाकावा लागतो. म्हणून काळं काही घेतलं की दोन दाणे चावल्याशिवाय कढईत टाकायचं नाही. कन्नडमध्ये ‘शाजीरा’ म्हणा, ‘करि जीरिगे’ म्हणू नका. त्या नावाने कलौंजी मिळण्याचीच शक्यता जास्त. काही दुकानदार विलायती शहाजिरं, म्हणजे कॅरवे, देतात. ते जरा जाड आणि वासाला उग्र. चालतं, पण पाऊणपट घ्या. तुमच्याकडे आलेली कलौंजी लोणच्याला किंवा पुरीच्या पिठात वापरा, मसाल्यात नको.

तिरफळाचं वेगळं आहे. ते गोड्या मसाल्यात जात नाही. वहीत ते मसाल्याच्याच पानावर असलं तरी वेगळं ठेवा. त्रिफळा म्हणजे हिरडा, बेहडा, आवळा. तिरफळ म्हणजे झँथॉक्झायलम ऱ्हेट्सा या काटेरी खोडाच्या झाडाचं फळ. ऑनलाइन ‘त्रिफळ’ असं शोधलंत की चूर्णच येणार. ‘तिरफळ’, ‘तेफळ’ किंवा कोकणीतलं ‘तेप्पळ’ असं शोधा. कन्नडमध्ये ‘जुम्मनकाई’. जीभ जी झिणझिणते त्यावरून आलेलं हे नाव, लक्षात राहायला सोपं. बंगळुरात मल्लेश्वरमकडे मंगळुरी-कोकणी सामान ठेवणारी दुकानं आहेत, तिथे सुकं तिरफळ मिळायला हवं. कोकणात किंवा गोव्यात कुणी जाणार असेल तर दिवाळीनंतर आणायला सांगा, कारण नवा सुकलेला माल तेव्हा बाजारात असतो. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार त्यासाठी चांगला.

घेताना फळ उललेलं असावं. आतली काळी, चकचकीत बी काढून टाकायची. ती दाताखाली वाळूसारखी लागते. वापर टरफलाचा. टरफलाचा छोटा तुकडा जिभेवर ठेवा. अर्ध्या मिनिटात मुंग्या आल्या नाहीत तर माल शिळा आहे. अर्धा किलो बांगड्याला ८ ते १० तिरफळं पुरतात. ती वाटणात घालायची नाहीत, वाटली की रस्सा कडवट होतो. खलबत्त्यात चेचून, पाण्याचा हबका मारून, रस्सा उकळत असताना टाका आणि पाच-सात मिनिटं राहू द्या. जेवताना बाजूला काढायची. तिरफळ घातलं की आलं-लसूण सहसा घालत नाहीत, एकमेकांचा वास मारतात.

पर्याय म्हणून उत्तराखंडातलं किंवा नेपाळचं तिमूर चालेल, किंवा चिनी दुकानातली सिचुआन मिरी. तिन्ही एकाच कुळातली. तिमूर आणि सिचुआन मिरी यांना लिंबासारखा वास जास्त, तिरफळाला लाकूड आणि संत्र्याच्या सालीचा. ती दाण्याला लहान असतात म्हणून संख्या थोडी वाढवा. काळी मिरी हा पर्याय नाही. ती तिखट असते, झिणझिणत नाही. तुमचे कुणी अमेरिकेत असतील तर एक माहिती: सिचुआन मिरीच्या आयातीवर तिथे १९६८ ते २००५ बंदी होती, कारण ही झाडं लिंबू-संत्र्याच्या कुळातली आणि त्या बागांना रोग लागण्याची भीती. तिथल्या जुन्या मराठी मंडळींच्या डोक्यात ‘इकडे मिळतच नाही’ हे त्या काळापासून बसलेलं असू शकतं.

दुकानाबद्दल. कोपऱ्यावरचा किराणावाला आणि सुपरमार्केट यांना वगळा. ज्या वस्तू महिन्याला दोनदा विकल्या जात नाहीत त्या तिथे जुन्याच असणार. बंगळुरात ‘ग्रंधिगे अंगडी’ विचारा. पूजेचं सामान, जडीबुटी आणि किरकोळ मसाले ठेवणारी ही दुकानं, आपल्याकडच्या काष्ठौषधीवाल्यासारखी. अव्हेन्यू रोड, चिकपेट आणि के. आर. मार्केट भागात ती सापडतील. पुण्यात असाल तेव्हा रविवार पेठ, मुंबईत लालबाग किंवा मस्जिद बंदर. लालबागला मसाला कांडपवाल्यांकडेच अख्खा माल मिळतो. त्यांचा माल हलता असतो आणि नावांचा घोळ ते करत नाहीत. फेब्रुवारी ते मे हा मसाल्यांचा हंगाम, तेव्हा माल ताजा असतो. भर पावसाळ्यात दगडफूल घेऊ नका.

यापेक्षा सोपा उपाय तुमच्या घरातच आहे. सासूबाईंना प्रत्येक वस्तूची चिमूटभर वानगी छोट्या पुड्यांत, वर नाव लिहून पाठवायला सांगा. तीच पुडी दुकानदारासमोर उघडा. भाषा कुठलीही असो, वानगी पाहून वस्तू निघते. त्यांच्या घरात नाकेशर म्हणून नेमकं कोणतं वापरत होते, याचंही उत्तर त्यातच मिळेल. ऑनलाइन घेतलंत तर शास्त्रीय नावाने शोधा, अख्खाच माल घ्या, आणि पहिली खेप ५० ग्रॅमच्या वर नको.

आता दुबई. इथे ‘बघू, काय होतंय’ चालणार नाही. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे आणि ती जवळ सापडणं हा अमली पदार्थांच्या कायद्याखाली गुन्हा ठरतो. सौदी अरेबियातही बंदी आहे आणि सिंगापुरात कडक निर्बंध आहेत. भाजली, दळली, मसाल्यात मिसळली म्हणून ती खसखस राहत नाही असं होत नाही. म्हणून बहिणीचा मसाला वेगळा करा आणि तो आधी करा. खसखशीच्या जागी तितकेच पांढरे तीळ, किंवा अर्धे तीळ आणि अर्धी मगज बी. खसखस दाटपणासाठी असते, चवीत फरक जेमतेम जाणवतो. कढई, मिक्सरचं भांडं, चाळणी, सगळं धुऊन कोरडं करूनच सुरुवात करा. आदल्या घाण्याची उरलेली खसखस पात्याखाली बसलेली असते. बाजारातला तयार मसाला पाठवणार असाल तर पाकिटावरचं साहित्य शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

पाठवायच्या मसाल्यात खोबरंही घालू नका. खोबऱ्याला खवट वास लागतो, आणि उन्हात दोन दिवस पडलेल्या पार्सलात तो लवकर लागतो. धणे-जिरे आणि गरम मसाले भाजून, दळून, पूर्ण गार झाल्यावर भरा. खोबरं बहिणीने तिकडे लागेल तसं भाजून मिसळावं, शंभर ग्रॅम पुडीला साधारण तीस ग्रॅम. तुमच्या घरच्या डब्यातही हेच केलंत तर मसाला वर्षभर राहील. खोबरं घातलेला तीन महिन्यांत संपवा, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवा.

वहीतल्या त्या पानाचा फोटो टाकता आला तर टाका. तोळ्याचे आकडे आणि ‘नाकेशर’, ‘काळं जिरं’ हे शब्द तिथे नेमके कसे लिहिलेत ते पाहून प्रमाण लावून देईन.